देशमुखांचा आबदार

ताहेर बोरखेडच्या देशमुखांच्या दारात पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा अंगणात एका माणसाला मार पडत होता. मारणारे खुद्द खुशालराव देशमुख होते आणि मार खाणारा त्यांचा गाडीवान शालिकराम. अमरावतीहून आणलेली विलायती दारूची पेटी उतरवताना त्याच्या हातून सुटली होती. पेंढ्यात गुंडाळलेल्या काही बाटल्या फुटल्या, अंगणभर आंबूसगोड वास सुटला, आणि देशमुखांनी गाडीच्या जुवाची लाकडी शिवळ उपसून त्याच्या तोंडावर हाणायला सुरुवात केली. शालिकराम ओरडत नव्हता. ओरडलं की देशमुखांचा हात जास्त चालतो, हे त्याला ठाऊक होतं. तो नुसता दातांवर हात धरून गोल गोल फिरत होता.

ताहेरनं बोचकं खाली ठेवलं. ओल्या मातीत बोट बुडवून नाकाशी नेलं आणि मोठ्यानं म्हणाला, "फुटली ते बरं झालं, देशमुख साहेब. हिचा तं सिरका झाला होता. तुमी पेले असते तं दोन दिवस पोट धरून बसले असते."

हे साफ खोटं होतं. माल उत्तम होता, वासावरूनच त्याला कळलं होतं. पण देशमुखांचा हात थांबला. त्यांनी शिवळ फेकून दिली आणि विचारलं, "तूच का रे तो एलिचपूरचा आबदार?"

"जी. मीच ताहेर."

आबदार म्हणजे साहेब लोकांच्या पिण्याचं सगळं बघणारा माणूस. कोणती बाटली कधी उघडायची, कोणती गार करायची, कोणती तशीच ठेवायची, हे त्याचं काम. एलिचपूरच्या छावणीत ताहेरनं उमर घालवली होती. मग पलटण बदलली, नव्या साहेबांनी आपला माणूस आणला आणि ताहेर घरी बसला. तो स्वतः पीत नसे. थेंबभर जिभेवर घ्यायचा, चव समजली की थुंकायचा. एवढं अल्ला माफ करील अशी त्याची आपली समजूत होती. त्याच्या बायकोची, हलीमाबीची, तशी समजूत नव्हती.

देशमुखांना आबदार कशाला लागला, त्याचीही एक गोष्ट होती. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती आणि विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता. वऱ्हाडच्या काळ्या मातीत जे पिकेल ते एजंट लोक उभ्या उभ्या उचलत होते. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं आली, घरात आरसे आले, आणि त्याबरोबर एक माजही आला. अमरावतीच्या बाजारात गाड्या लावण्यावरून गाडीवान एकमेकांची डोकी फोडू लागले. शेताचे धुरे, म्हणजे बांध, सरकवले म्हणून भाऊ भावाच्या अंगावर कुऱ्हाड घेऊन जाऊ लागला. बोरखेडचे खुशालराव आणि शेजारच्या टाकळीचे जानराव पाटील यांचं तर बघायलाच नको. गेल्या साली खुशालरावांच्या कापसाच्या गंजीला आग लागली. कोणी लावली ते सगळ्यांना ठाऊक होतं. पंधरवड्यात जानरावांच्या चार बैलांच्या मागच्या पायांच्या शिरा कोणीतरी कापून टाकल्या. तेही कोणी, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

अशातच कापूस घेणाऱ्या एका गोऱ्या एजंट साहेबानं आपल्या बंगल्यावर दोघांनाही बोलावलं आणि लाल अंगुरी दारू पुढे केली. खुशालरावांनी पेला दोन्ही हातांत धरून लोटीतल्या पाण्यासारखा गटकन पोटात घातला. साहेब हसला. साहेबाचं हसणं त्यांनी सोसलं असतं, पण जानराव मांडीवर थापा मारून हसले आणि पुढे महिनाभर बाजारात खुशालरावांची नक्कल करून दाखवत राहिले.

म्हणून पेट्या आल्या होत्या आणि म्हणून ताहेर आला होता.

"मले याचे कायदे शिकव," पहिल्याच दिवशी देशमुख म्हणाले. "पेला कसा धराचा, किती घोट घ्याचे, तोंडानं काय बोलाचं. सारं."

ताहेर म्हणाला, "कायदे नाईत, मालक. गार लागली तं गार प्या. ऊन लागली तं ऊन प्या. गोड वाटली तं ते चांगली, नाई वाटली तं दुसरी उघडू."

देशमुखांनी त्याच्या कानाखाली मारली. "मी तुले इथं चेष्टा कराले आणलं का?"

ताहेरच्या कानात बराच वेळ घंटा वाजत राहिली. बोचकं उचलून तो चालू लागला असता, तर त्याला कोणी अडवलं नसतं. पण त्याच्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्याला नीट कळली होती, आणि ती खोटी करून सांगायला त्याची जीभ वळेना.

"मालक," तो म्हणाला, "छावणीत एक कर्नल साहेब होता. त्याले साऱ्या बाटल्यांचे नावं पाठ. पेल्याले नुसता बोटाचा डाग दिसला का खानसाम्याले बुटानं तुडवाचा. तो रोज प्याचा अन् मी कधी त्याले खूश पाह्यलं नाई. अन् एक बुढा डॉक्टर होता. टिनाच्या मगात ओतून मटणासंगं प्याचा, बोटं चाटाचा, अन् हसाचा. मी एवढे वर्सं पाजली, मालक. पेणारा मले तो एकच दिसला."

देशमुख म्हणाले, "मगात?"

"मगात."

त्या दिवशी दुपारी ताहेरनं त्यांना काशाच्या वाटीत पाजली. सोबत जवारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि जवसाची चटणी. "घाई नोको," एवढंच तो म्हणाला. "एक घोट घ्या, तोंडात फिरू द्या, मंग भाकर खा. अन् मले सांगू नोका काय वाटलं ते. तुमचं तुमी ठेवा."

देशमुख उकिडवे बसले होते ते हळूहळू मांडी घालून बसले. मग भिंतीला टेकले. वाटी संपली तेव्हा त्यांनी दुसरी मागितली नाही. बाहेर गोठ्यात कोणाच्या हातून बादली पडल्याचा आवाज झाला आणि घरातली सगळी माणसं जागच्या जागी थिजली. देशमुखांनी मान वळवून नुसतं पाहिलं आणि पुन्हा भाकरीचा तुकडा मोडला.

असे दिवस गेले. कापूस वेचून झाला, गाड्या अकोल्याकडे आणि अमरावतीकडे धावू लागल्या, आणि देशमुखांच्या वाटेला आलेल्या माणसाला फक्त शिव्या पडू लागल्या. शालिकरामचे पुढचे दोन दात गेले होते. तो बोलला की शब्दातून वारा सुटायचा, आणि देशमुख समोर आले की तो बोलतच नसे. ताहेरला मात्र आतून बरं वाटू लागलं. हे आपल्यामुळे झालं, असं तो मनातल्या मनात म्हणे, आणि मग घाबरून तोबा करी.

माघ लागला. रब्बीच्या जवारीत दाणा भरला आणि देशमुखांनी शेतात हुरडा करायचं ठरवलं. एजंट साहेबाला बोलावलं. आणि जानरावांनाही बोलावलं.

"त्यायले काहून, मालक?" ताहेरनं विचारलं.

"तो हसला होता तं त्यानं आता पाहावं ना," देशमुख म्हणाले. रागानं नाही, मजेनं म्हणाले. "मी कसा बसतो, कसा पेतो, पाहू दे."

ताहेरचा रमजान चालू होता. थेंबभर जिभेवर घेणंही त्यानं बंद केलं होतं, नुसत्या वासावर काम चाललं होतं. त्यानं बाटल्या विहिरीच्या पाटाशी ओल्या वाळूत पुरून ठेवल्या. आंब्याखाली सतरंज्या टाकल्या. गोवऱ्यांची आगटी रसरसली, कणसं भाजू लागली, शालिकराम आणि दोघे गडी कणसं चोळून कोवळा हुरडा ताटात टाकू लागले. जवारी कापायचे विळे ढिगाशेजारी पडले होते. उन्हं कलायला अजून बराच वेळ होता.

साहेबानं आपले काचेचे पेले आणले होते. त्यानं देशमुखांच्या हातात एक दिला आणि बोटं कशी धरायची ते दाखवू लागला. जानराव आपल्या दोन माणसांसह समोर बसले होते. ते मिशीत हसायला तयार झाले.

देशमुखांनी पेला परत दिला. "साहेब, मले हे वाटीतच गोड लागते. हुरड्यासंगं घेऊन पाहा तुमी."

साहेबाला मोडकंतोडकं हिंदुस्थानी येत होतं. त्यानं भुवया उंचावल्या, हुरड्याचा बोकणा भरला, वर आपल्या पेल्यातून घोट घेतला. मग थांबून आणखी एक घोट घेतला आणि खदखदून हसला. पण हे हसणं वेगळं होतं. "बहुत अच्छा, देशमुख! बहुत अच्छा!" असं म्हणत त्यानं पेला गवतात ठेवला आणि स्वतःसाठी वाटी मागितली.

जानरावांचा चेहरा उतरला. महिनाभर जिच्यावर बाजार हसवला, ती गोष्ट त्यांच्या हातून गेली होती. त्यांनी आपली वाटी हुंगली आणि ताहेरकडे पाहिलं.

"काय रे आबदार, तू नाई पेत?"

"रोजा आहे, पाटील."

"अन् रोजा नसते तवा?"

"तवाबी नाई."

"हाऊ!" जानराव आपल्या माणसांकडे वळले. "न पेता शिकवते बाप्पा! अन् बाटलीत इख असलं तं? बोरखेडची बाटली अन् पाजणारा पेत नाई. मी कसा पेऊ?"

देशमुख आंब्याला टेकून बसले होते, पाय लांब सोडून. "वाटी खाली ठेवा, जानराव," ते हसत म्हणाले. "नोको वाटली तं नोको. जबरदस्ती थोडीच आहे."

गेल्या साली याच बोलण्यावर त्यांनी लाठी उचलली असती. आज ते हसले, आणि ते हसणंच जानरावांच्या वर्मी लागलं. त्यांनी डोळ्यानं खूण केली. दोन्ही माणसं उठली. ताहेरला काही समजायच्या आत एकानं त्याचे हात मागे पिरगाळले आणि दुसऱ्यानं केस धरून मान मागे ओढली. जानरावांनी स्वतः बाटली उचलली. "पी लेका. पी न् दाखव."

ताहेरनं दात घट्ट मिटले. बाटलीचं तोंड दातांवर आदळलं. एक दात तुटला, ओठ फाटला, आणि थंडगार दारू तोंडात, नाकात, घशात शिरली. त्यानं थुंकायचा प्रयत्न केला तर नाक दाबलं गेलं. जीव गुदमरला आणि घशानं त्याचं न ऐकता घोट गिळला. दात दुखायच्या आधी त्याला कळलं, रोजा मोडला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं ते रोज्यासाठी होतं.

देशमुख उठले. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. हातातली वाटी सांडू नये म्हणून त्यांनी ती सपाट जागा बघून हलक्या हातानं खाली ठेवली. मग ढिगाशेजारचा विळा उचलला आणि जानरावांच्या मानेत मारला.

विळा हाडात अडकला. तो ओढून काढताना जानराव गुडघ्यांवर आले. साहेब वाटी टाकून घोड्याकडे धावला. ताहेरला धरणारे हात सुटले. देशमुखांनी दुसरा घाव घातला तो खांद्यावर बसला, आणि जानरावांचा उजवा हात कपड्यासारखा लोंबू लागला.

"बस, मालक!" ताहेर खोकत खोकत सरपटला आणि त्यानं देशमुखांच्या पायांना मिठी मारली. "बस करा! मी जित्ता आहे! मले काई नाई झालं!"

जानराव वर बघत होते. हात जोडण्यासाठी त्यांनी डावा हात उचलला. उजवा उचलला जाईना, म्हणून डावा एकटाच छातीशी धरला. "खुशालराव," ते म्हणाले, "चुकलं रे माय."

ताहेरनं मान वर करून मालकाच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं राग नव्हता. भाकरीचा तुकडा मोडताना जसा चेहरा असायचा, तसाच निवांत होता. तिसरा घाव गळ्यावर बसला आणि ताहेरच्या पाठीवर ऊन रक्त पडलं.

तेवढ्यात जानरावांच्या एका माणसानं लाकडं फोडायची कुऱ्हाड उचलून देशमुखांच्या दंडात घातली. देशमुख आडवे झाले. तो दुसऱ्यांदा कुऱ्हाड उगारत होता. आगटीपाशी शालिकराम उभा होता, हातात दांडगी काठी होती, आणि तो नुसता बघत होता.

"शालिकराम!" ताहेर ओरडला.

शालिकरामनं ताहेरकडे पाहिलं. मग पडलेल्या मालकाकडे पाहिलं, आणि मगच पुढे झाला. त्यानं त्या माणसाच्या मनगटावर काठी घातली, हाड मोडल्याचा आवाज आला, कुऱ्हाड हुरड्याच्या ताटात पडली. जानरावांची माणसं जवारीत घुसून पळाली.

दिवस मावळायच्या आत टाकळीचं गाव बोरखेडवर चालून आलं. वाटेत सापडला त्याला झोडपलं, गोठे मोकळे केले, कापसाच्या गंज्यांना आग लावली. दाबून रचलेला कापूस भडकत नाही, आत आत जळत राहतो. पुढे कितीतरी दिवस त्या गंज्या धुमसत होत्या आणि गावातल्या लेकरांचे डोळे लाल असत.

देशमुख जगले. हात मात्र दंडापासून कापावा लागला. त्यांना अमरावतीच्या तुरुंगात ठेवलं. साहेब मुंबईला निघून गेला. जाताना लिहून देऊन गेला की आपण घोड्याकडे पळालो, पुढचं काही पाहिलं नाही. जानरावांची माणसं सांगायची ते कोर्ट अर्धंच धरणार होतं. शालिकराम स्वतः मारामारीत होता आणि गड्यांनी काही पाहिलं नाही म्हणून हात झटकले. उरला ताहेर.

देशमुखांचा धाकटा भाऊ किसनराव त्याला गोठ्यात घेऊन गेला. "जानरावनं आधी कुऱ्हाड उचलली होती, एवढंच सांगाचं," तो म्हणाला. "दादानं तुह्यासाठी मारलं रे. तुह्या रोज्यासाठी मारलं. इसरू नोको."

ताहेर विसरला नव्हता. तेच तर त्याच्या छातीवर बसलं होतं. ईद झाल्यावर मोडलेल्या रोज्याच्या बदल्यात त्यानं एक रोजा धरला, तरी ओझं हललं नाही. एक माणूस आपल्यासाठी उठला होता. आणि ज्याला मारलं तो हात जोडत होता.

साक्षीच्या आदल्या दिवशी सकाळी पार्बताबाईंनी, देशमुखांच्या बायकोनं, त्याला माजघराच्या दारापाशी बोलावलं. एवढ्या दिवसांत त्या त्याच्याशी कधी थेट बोलल्या नव्हत्या. ताहेरला वाटलं, आता ह्याही तेच सांगणार, पदर पसरणार. त्यानं मान खाली घातली.

"ताहेरभाई," त्या म्हणाल्या, "तुमी आल्यापासून मले मार पडला नाई. सारे म्हणत, देशमुख सुधरले. मी मातर रोज वाट पाहत होती, आज पडते का उद्या पडते." त्यांनी डाव्या हाताची बाही जरा वर सारली. कोपराशी हाड वाकडं जुळलं होतं. "तुमच्यासाठी मारलं म्हणतात. हे कोणासाठी मोडलं होतं? तुमी जे पाह्यलं ते सांगा. मले त्यायची वाट पाहाची नाई आता."

ताहेरनं वाकून सलाम केला आणि तो अमरावतीच्या वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी कोर्टात जज्ज साहेबाच्या शिरस्तेदारानं विचारलं, "तिसरा घाव घातला त्या वेळी जानराव पाटील काय करत होता? हातात हत्यार होतं?"

किसनराव खिडकीशी उभा होता. ताहेरनं त्याच्याकडे पाहिलं नाही, देशमुखांकडे पाहिलं. ते एका हाताला बेडी घालून उभे होते, दुसरी बाही मोकळी लोंबत होती.

"हत्यार नव्हतं, हुजूर. त्यानं एक हात उचलला होता, जोडाले. दुसरा उचलत नव्हता."

"आधी कोणी मारलं?"

"आधी मले मारलं, जानराव पाटलानं. पण त्याले तिसऱ्यांदा मारलं तवा मी म्हणत होतो, बस करा. मालकानं आयकलं होतं. मी त्यायच्या पायाशी होतो. त्यायले आयकू आलं होतं."

फाशी झाली नाही, आधी कुरापत जानरावांनी काढली म्हणून. काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शिपाई देशमुखांना बाहेर नेत असताना ते ताहेरपाशी थांबले. ताहेरला वाटलं, आता थुंकतील.

"त्या दिवशी मी किती मजेत बसलो होतो," देशमुख हळूच म्हणाले. "तू पाह्यलं ना रे?"

"पाह्यलं, मालक."

"साहेबानंबी वाटी मागतली."

"जी, मागतली."

त्यांनी मान हलवली, जणू एवढंच नक्की करून घ्यायचं होतं, आणि ते चालू लागले.

कोर्टाच्या आवाराबाहेर कडुनिंबाखाली किसनराव चौघांना घेऊन उभा होता. ताहेर दिसताच त्यांनी त्याला घेरलं. "आमचं मीठ खाल्लं अन् आमालेच फासलं!" पहिली लाठी पाठीत बसली, दुसरी बरगडीत. ताहेर खाली पडला तेव्हा किसनरावनं त्याचा उजवा हात टाचेखाली धरला आणि लाठीचं लोखंडी टोक मनगटावर मारत राहिला, हाडांचा चुरा होईस्तोवर. लोक बघत होते. कोर्टाचा शिपाई ओरडत धावत आला, पण त्याच्याआधी शालिकराम गाडी घेऊन सरळ गर्दीत घुसला. बैलांना पाहून माणसं बाजूला उडाली. त्यानं ताहेरला पोत्यासारखं उचलून गाडीत टाकलं आणि बैलांना पराणी टोचली.

एलिचपूरच्या वाटेवर चैत्राचं ऊन होतं. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला ताहेर कळवळत होता. शालिकराम मध्ये मध्ये गाडी थांबवून त्याच्या तोंडात पाणी घालत होता. एका ओढ्याशी बैल पाण्यावर नेले, तेव्हा ताहेरनं विचारलं, "गाडी कोणी देल्ली?"

"बाईनं."

"तुले किसनराव जित्ता ठेवन का आता?"

"मी जातच नाई बोरखेडले," शालिकराम म्हणाला. फटीतून वारा सुटला, पण शब्द स्पष्ट होते. "बैलं पोचतं करतो बाईच्या भावाच्या गावी. मंग अकोल्याले जातो. तेथी रेल्वेचे रूळ टाकून राहिले म्हणते. दगडं फोडीन. दगडं काई मारत नाईत."

एलिचपुरात छावणीमागच्या गल्लीत गाडी थांबली, तेव्हा हलीमाबी दारात धान्य निवडत होती. तिनं गाडीत डोकावलं, सूप खाली टाकलं, शालिकरामच्या तोंडून झालेलं ऐकलं आणि छाती पिटून आधी देशमुखाला, मग किसनरावला, मग साहेबाला आणि शेवटी ताहेरला शिव्या घातल्या. शिव्या देता देताच तिनं बांबूच्या कामट्या चिरल्या, डिंक आणि हळद कालवली आणि त्याचा हात मांडीवर घेतला. शालिकरामला म्हणाली, "धर याले खांद्यांपासून. घट्ट धर. हलू देऊ नोको."

मग तिनं हाड ओढलं. ताहेर असा किंचाळला की गल्लीतली माणसं दारात आली. हलीमाबीनं गाठ मारली, दातांनी दोरी तोडली आणि दुसरी पट्टी घेतली.